नमद्याची गाळणी

कोकणातला माणूस वऱ्हाडात सहसा जात नाही. गेलाच तर बदलीवर जातो, आणि गेल्या दिवसापासून ती रद्द व्हावी म्हणून ग्रामदेवतेला नारळ बोलतो. मी मात्र आपणहून गेलो, तेही ऐन वैशाखात, आणि कशासाठी, तर इंजिनाला तेलाची गाळणी शोधायला. परत आल्यावर ज्याला त्याला हे सांगितलं आणि ज्याने त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनचार वर्षं झाली होती. आमच्या खाडीत या तीरावरची माणसं त्या तीरावर नेणारी लाँच मी चालवतो. लोक मला सारंग म्हणतात. लाँचच्या पोटात डिझेलचं जुनं इंजिन बसवलेलं आहे. इंजिनातलं तेल फिरता फिरता काजळी आणि लोखंडाचा कीस गोळा करतं. तो अडवायला बिडाच्या एका डब्यात गाळणी असते. माझी गाळणी कागदाची होती, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या नळीवर घड्या घालून बसवलेली. इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी खेळवतात, त्यातलं थोडं कुठूनतरी तेलात उतरलं, कागद फुगला आणि फाटला. कीस बेअरिंगांत गेला आणि भर खाडीत इंजिन किंचाळून बंद पडलं. बेअरिंगं मी बदलली. पण पुन्हा कागद घातला की पुन्हा तेच होणार, हे दिसत होतं. दुसऱ्यांदा ते दुखणं झालं असतं तर इंजिन भंगारातच गेलं असतं.

लोकांना वाटलं, सारंग धंद्यासाठी धडपडतोय. धंदा होताच. पण खरी गोष्ट अशी की शेवंती, माझी बायको, जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. आम्हाला मूल नाही. लाँच चालू असली की दिवसभर माणसं असतात. भांडतात, कोंबड्या घेऊन चढतात, माझ्या नावाने खडे फोडतात. लाँच बंद असली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणीच नसतं. त्या दिवसांत मी घरातल्या मांजराला भरती-ओहोटीच्या वेळा सांगायला लागलो होतो. तेव्हा मला गाळणी हवी होती ती यासाठी.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सांगितलं, या जातीची इंजिनं वऱ्हाडात फार गेली, खामगावला विचारून पाहा. फाटक्या गाळणीची पत्र्याची नळी नमुन्यासाठी पिशवीत घातली आणि गाडीत बसलो.

खामगाव

जलंबला गाडी बदलून खामगावला उतरलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की ऊन हा आपल्याकडे नुसता शब्द आहे. आमचं ऊन घाम काढतं. इथलं घाम यायच्या आधीच वाळवतं. जिनिंगचा हंगाम संपला होता, तरी झुडपांना कापसाचे पुंजके लटकलेले होते. खाणावळवाल्याने ज्वारीची भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्याने माझी ब्रह्मानंदी टाळी लागली. मासे नाहीत म्हटल्यावर जेवण कशाच्या आधारावर करायचं, हे मला त्या जिल्ह्यात असेपर्यंत नीट कळलं नाही. "एकलेच आले का?" असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. तिथे हा प्रश्न मला जो तो विचारत होता.

इंजिनाचे सुटे भाग विकणारे शेठ मोठे मोकळे गृहस्थ निघाले. त्यांनी माझी नळी हातात घेतली, फळीवरून एक खोका काढला आणि नवीकोरी गाळणी समोर ठेवली. मापाला अगदी बरोबर, पण कागदाचीच. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, जमिनीवर ही उत्तम चालते, शेकडो जण नेतात. पण खाऱ्या पाण्यात चालेल का, हे ते छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. खोटं बोलून विकली असती तर मी ती घेऊन मुकाट्याने घरी गेलो असतो.

मग त्यांनी मला नवीनच गोष्ट सांगितली. पूर्णेच्या खोऱ्यात मोठा पट्टा असा आहे की विहीर खणली तर खारं पाणी लागतं. त्याला खारपाण म्हणतात. समुद्रापासून इतक्या लांब खारं पाणी, हे मला पटेना. शेठ हसून म्हणाले, "मंग पिऊन पाहा नं. वरवट बकालले भगवान म्हनून एक शेतकरी आहे. त्याचंबी इंजन हेच, अन् तुमच्या इंजनावानीच खारं पानी पेते. आधी कागदाची गाळनी नेत जाय. मंग म्हने, मले नाई पाहिजे, म्या नमद्याची केली. तवापासून आलाच नाई."

नमदा म्हणजे लोकर कुटून केलेलं जाड कापड, घोड्याच्या खोगिराखाली घालतात ते. पाण्याने लोकर कागदासारखी फुगून फाटणार नाही, हे मला तिथल्या तिथे पटलं. तरी हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागा, म्हणून कागदाची गाळणीही विकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली.

वरवट बकाल

शेगावच्या पुढे जमीन अशी सपाट की डोळ्याला टेकायला काही नाही. काळी माती भेगाळलेली, मधेच एखादं बाभळीचं झाड. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ होती. समुद्रातून किनारा दिसतो तशी ती दिसत होती, आणि मला उगाच वाटत राहिलं की आता थोड्या वेळात तिथे उतरायचं आहे.

वरवट बकालला उतरलो आणि थांब्यावरच्या एका गृहस्थांना विचारलं, बोटीच्या इंजिनाची तेलाची गाळणी इथे कुणाकडे मिळेल? त्यांनी आधी माझ्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. "कोन्त्या बोटाले लागलं?" बोट म्हणजे पाण्यात चालते ती, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "डोंगा म्हना नं मंग." एवढा उलगडा झाल्यावर त्यांनी मला मोठ्या आपुलकीने नेलं ते थेट तेल्याच्या घाण्यावर. तेलाची गाळणी म्हटल्यावर त्या गावात दुसरं कुठे नेणार? तेलीबुवांनी करडईच्या तेलाने पिवळं पडलेलं फडकं पुढे केलं. आपण पिढ्यान् पिढ्या यानेच गाळतो, असं ते अभिमानाने म्हणाले. मी पिशवीतून पत्र्याची नळी काढून दाखवली आणि भगवानचं नाव घेतलं.

तेलीबुवांनी फडकं खाली ठेवलं. भगवान गेल्या पोळ्यानंतर तापाने गेला, आणि आज आखजी, त्याची पहिलीच, असं त्यांनी सांगितलं.

अक्षय्यतृतीयेला तिकडे आखजी म्हणतात. आमच्याकडे या दिवशी फार तर पन्हं करतात. पितरांची आठवण भाद्रपदात, आणि जेवायला कावळा. तिकडे आखजीला पाण्याची कोरी घागर भरून पूजतात आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला जेवायला बसवतात. त्या माणसालाच पितर म्हणतात. पितर जेवून उठल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही.

हे सगळं तेलीबुवा मला समजावत होते तेवढ्यात भगवानचा धाकटा भाऊ उत्तमराव घाईघाईने आला. त्यांचा बोलावलेला पितर तापाने फणफणला होता. आता तेलीबुवा येतील का, असं तो विचारायला आला होता. तेलीबुवांना स्वतःच्या घरची घागर होती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पाव्हने आहेत नं. भगवानच्याच उमरीचे दिसतात. अन् त्याच्याच इंजनासाठी आले."

उत्तमरावाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जात विचारली. मी सांगितली. ती त्या भागात कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे वरची की खालची हे ठरेना. मग त्याने विचारलं, मासे खाता? खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण माझ्या पिशवीलासुद्धा सुकटाचा वास होता. हो म्हटलं. तो अडखळला आणि घरी विचारून येतो म्हणाला. जरा वेळाने परत आला तो हसू दाबत. भगवानची बायको गिरजाबाई म्हणाली होती, "घेऊन या त्याहिले. तेबी खातच होते, नदीवर जाऊन. मले काय मालूम नोतं?"

मी गेलो. का गेलो? खरं सांगतो, गाळणीसाठी गेलो. त्या घरात शिरायला याहून सरळ वाट मिळाली नसती.

पाटावर

घर मातीचं, सारवलेलं, आत गारवा. म्हातारी सासू भिंतीला टेकून बसली होती. गिरजाबाई माझ्याहून लहान, चेहरा उन्हाने रापलेला. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं. उत्तमरावाने कपाळाला गंध लावलं आणि निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा तुकडा सोडून आगारी टाकली. मला पाटावर बसवलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, भजी, चिंचवणी, सगळं एकदम वाढलं आणि घरातली माणसं समोर उभी राहिली. मी पाणी प्यालो. पाणी मचूळ, खारट होतं. पावसाळ्याच्या तोंडी आमच्या विहिरीला येतं तसंच. त्या एका घोटाने मला घरची अशी आठवण झाली की नंतरची पुरणपोळी मी चव न कळताच खाल्ली.

जेवताना कुणी बोलत नव्हतं. गिरजाबाई मात्र वाढता वाढता हळू आवाजात सांगत होती. काळी गाय व्याली. वांगी लावली आहेत, पण पाण्यावाचून करपताहेत. थोरल्या पोरीला सोयरीक आली आहे. आधी मला वाटलं मलाच सांगते आहे, म्हणून मी मान हलवली. मग लक्षात आलं की ती माझ्याशी बोलत नव्हती. मान तशीच खाली घालून मी जेवत राहिलो. पिशवीतली नळी दाराशी ठेवली होती. त्या पाटावरून गाळणीचा शब्द काढला असता तर त्या घराने नाही म्हटलं नसतं, आणि म्हणूनच तो काढता येईना.

ताट संपलं. गिरजाबाई समोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"पोट भरलं का?" तिने विचारलं.

याला पितराने मोठ्याने 'भरलं' म्हणायचं असतं, हे मला तेलीबुवांनी बजावून सांगितलं होतं. सोपा शब्द. पण माझ्या तोंडून तो निघेना. शेवंती गेल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. खाणावळवाले विचारतात ते आणखी काय हवं म्हणून. हे तसं नव्हतं. आणि हेही कळत होतं की प्रश्न माझ्यासाठी नाही, मी नुसता त्या पाटावर बसलो आहे. समोर भुकेली पोरं ताटाकडे बघत उभी. म्हातारीने विचारलं, "काऊन बोलत नाई तो? काई कमी झालं का?" गिरजाबाईचा चेहरा उतरला. तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "भरलं." आवाज इतका चिरका आला की धाकटं पोर हसलं. मग सगळी जेवायला बसली.

डोहावर

ऊन कलल्यावर गिरजाबाईनेच विषय काढला. इंजिनासाठी आलात तर ते सुरू करून द्या, म्हणाली. भगवान गेल्यापासून कुणी हँडलला हात लावला नव्हता. उत्तमरावाला इंजिनाची भीती वाटायची. हँडल उलटं फिरून एकाचा हात मोडलेला त्याने पाहिला होता.

नदीतल्या मचूळ पाण्याच्या डोहापाशी एका छपरीत ते इंजिन होतं. माझ्या इंजिनाचं सख्खं भावंड, फक्त हे जमिनीवर बसलेलं. बाहेरून धूळ होती, पण तेल भरताना सांडलेला एक थेंबही कुठे वाळलेला नव्हता. या माणसाशी माझं पटलं असतं, असं वाटलं. आमच्या खाडीत इंजिनाबद्दल बोलावं असा एकही माणूस नाही. इथे होता, तर भेट चुकली.

मी गाळणीचा डबा उघडला. आत नमद्याची नळी, दोन्ही टोकांना लाल दोऱ्याने शिवलेली. तेलाने काळी झालेली, पण कुठे उसवलेली नाही. रॉकेलमध्ये धुतली, पिळली, परत बसवली, तेल बदललं. उत्तमरावाला अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, कारण हात मोडतो तो अंगठ्यामुळे, आणि हँडल त्यालाच मारायला लावलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पाणी पाटात पडलं. त्या आवाजात उत्तमराव मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता, ते मला ऐकू आलं नाही. गिरजाबाई छपरीच्या खांबाला धरून उभी होती आणि रडत होती. आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून मोकळेपणाने रडत होती. मी पाटाच्या पाण्याकडे पाहत राहिलो.

घरी परतल्यावर मी नळी पुढे केली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. ती म्हणाली, "त्याहिची देऊ का?" मी नको म्हणालो; त्यांची गाळणी काढली तर वांगी पुन्हा करपली असती. मला नुसती करायची रीत हवी होती.

"रीत मलेच मालूम," ती म्हणाली. "शिवली तं म्याच."

सकाळी तिने सासऱ्याच्या घोडीच्या खोगिराखालचे उरलेले नमदे काढले. दोन होते, एक जाड आणि एक पातळ. मला जाड बरा वाटला. तिने मान हलवली, मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दिवा लावला. जाड नमदा माझ्या तोंडाशी धरून फुंकायला सांगितलं. फुंक पलीकडे जाईना. याने तेलच अडेल, म्हणाली. मग पातळ धरला. फुंक गेली. तोच तिने दिव्यापुढे धरला आणि मला पलीकडून पाहायला लावलं. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

"ते म्हनत, फुंक गेली पाहिजे, उजेड दिसला नाई पाहिजे. मी दिवा धरो, ते फुंकत." मग दिवा विझवून उजेडात येऊन बसली आणि माझ्या नळीवर नमदा शिवायला लागली, गोधडीला घालतात तसा बारीक टाका, लाल दोऱ्याने.

मी निघताना पैशाचं विचारलं तर म्हातारीने मला झापलं. पितराकडून पैसे घेतात का, म्हणाली. गिरजाबाईने सोबत कुरडया दिल्या. थांब्यापर्यंत उत्तमराव आला. सगळ्या वाटेने तो हँडल कसं धरायचं तेच मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

खाडीत

घरी आलो. मांजर शेजारी राहायला गेलं होतं, ते परत आलं नाही. लाँचमध्ये उतरलो आणि दोन्ही गाळण्या समोर ठेवल्या. एक कारखान्याची, चकचकीत, मापात. एक लाल दोऱ्याची. उचलताना कागदाकडेच हात गेला, हे कबूल करायला हवं. नमदा गच्च बसला आणि तेल अडलं तर बेअरिंगं पुन्हा जाणार, आणि पुन्हा बदलायची ऐपत मला नव्हती. मग नमदा तोंडाशी धरून फुंकला. फुंक गेली. खोबणीतल्या दिव्यापुढे धरला. उजेड दिसला नाही. तोच घातला.

वर्ष झालं, तोच आहे. आठवड्याला रॉकेलमध्ये धुतो. लाल दोरा काळा पडला, टाका सुटलेला नाही. कागदाची गाळणी खोक्यात तशीच आहे.

परवा अक्षय्यतृतीया होती. मी सकाळी कोरी घागर भरून लाँचवर ठेवली आणि पन्हं केलं. पण शेवंतीच्या नावाने बसवणार कुणाला? माझ्या घरी कोण येणार? पहिल्या खेपेला पारू कोळीण नेहमीसारखी पाटी घेऊन चढली. कपाळभर कुंकू, पानाने तोंड त्याहून लाल. तिला पुढच्या फळीवर बसवलं, पन्ह्याचा पेला दिला, कुरडया तळून आणल्या होत्या त्या दिल्या. आज सारंगाला काय झालंय, असं तिने बाकीच्यांना विचारलं आणि सगळं खाल्लं. मी समोर उभा राहिलो. हात जोडायची लाज वाटली, म्हणून पंच्यात गुंडाळले.

"पोट भरलं का गं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही.

"भरला," म्हणाली. "आता सोड लाँच. ओहोटी लागंल."

मी खाली उतरून हँडल मारलं.